'फाईन भरून राहू की' म्हणण्याआधी: आखातातला ओव्हरस्टे आणि कायदेशीर रेसिडेन्सी

"व्हिसा संपला तर संपू दे की. रोजचा फाईन किती, तर पन्नास दिरहम. काम लागलं की भरून टाकायचा." बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर आणि सीएनसीवर काम करणारी पोरं, खानापूरकडचे सुतार-गवंडी, निपाणी-चिकोडीकडचे ड्रायव्हर दुबईला निघतात तेव्हा हे वाक्य त्यांना कोणीतरी ऐकवतंच. बोलणारा बहुतेक वेळा एजंट असतो. ऐकणाऱ्याच्या घरातलं सोनं तोवर गहाण पडलेलं असतं. म्हणून हे सगळं पायरीपायरीनं लिहितोय. बेळगाव भागातले बरेच जण यूएईत जातात, त्यामुळं तिथले नियम सविस्तर घेतलेत. ओमान, सौदी, कुवेत यांचं शेवटाकडं थोडक्यात आहे.

आधी हिशोब

यूएईत पूर्वी विझिट व्हिसावाल्याला मुदतीनंतर रोज १०० दिरहम आणि रेसिडेन्सी (तिथं राहायचा कायदेशीर परवाना) असलेल्याला रोज २५ दिरहम दंड पडायचा. २०२२ च्या ऑक्टोबरपासून तो सगळ्यांना सारखाच, रोज ५० दिरहम झाला. म्हणजे महिन्याला १,५०० दिरहम. दिरहमचे २३ रुपये धरले तर साडेचौतीस हजार रुपये. तीन महिने गेले की ४,५०० दिरहम, लाखाच्या वर. हजार-बाराशे दिरहमवर राबणाऱ्या हेल्परचा दंड त्याच्या पगारापेक्षा जास्त होतो. 'काम लागलं की भरू' हे गणित इथंच मोडतं. शिवाय बाहेर पडताना निर्गमन परवान्याची वगैरे फी लागली, तर ती वेगळी.

हा दंड म्हणजे राहण्याचं भाडं नव्हे. खोलीचं भाडं भरलं की पुढचा महिना खोली आपली असते. दंड भरला म्हणून मात्र पुढचा एक दिवससुद्धा आपला होत नाही. मागचं उल्लंघन तेवढं मिटतं. काम करायचा हक्क त्यातून मिळत नाही, एमिरेट्स आयडी (तिथलं सरकारी ओळखपत्र) मिळत नाही, बँकेत पगाराचं खातं उघडत नाही, विमा नाही. मालकानं पगार बुडवला तर कामगार मंत्रालयाकडं तक्रार करायची कशाच्या जोरावर? नोंदलेला करारच नसतो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये यूएईनं कामगार कायदा आणखी कडक केला. परवाना नसलेल्या माणसाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला आता १ लाख ते १० लाख दिरहम दंड होऊ शकतो. त्यामुळं चांगली कंपनी व्हिसा संपलेल्या माणसाला दारातही उभं करत नाही. जो ठेवून घेतो तो रोखीत, अर्ध्या पगारावर, रात्रीच्या पाळीला ठेवतो. मशीनमध्ये हात सापडला तर तो ओळखसुद्धा दाखवत नाही. एजंटच्या हिशोबात ही बाजू कधीच येत नाही, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महाग तीच आहे.

पहिली पायरी बेळगावातच

ओव्हरस्टेची, म्हणजे मुदत संपूनही राहण्याची, बहुतेक प्रकरणं दुबईत सुरू होत नाहीत, इथंच होतात. ज्याला नोकरीच्या व्हिसावर जायला हवं होतं त्याला विझिटवर पाठवलं जातं, आणि 'तिकडं गेल्यावर कन्व्हर्ट होतो' असं सांगितलं जातं. कन्व्हर्ट होतो हे खरं आहे. पण त्यासाठी तिकडं कंपनी, ऑफर आणि परवाना हातात लागतो. कंपनीच ठरलेली नसेल तर साठ दिवस बघता बघता संपतात.

एजंटची चौकशी करा. परदेशात नोकरीसाठी माणसं पाठवायची तर १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली केंद्र सरकारकडं नोंदणी असावी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट पोर्टलवर आहे, तिथं नाव आणि परवाना क्रमांक घालून बघा. गल्लीतला ट्रॅव्हल एजंट तिकीट आणि टुरिस्ट व्हिसा काढून देऊ शकतो, पण नोकरी लावून द्यायचा परवाना ही वेगळी गोष्ट आहे. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, आणि त्याची पावती द्यावी लागते. कोणी दीड-दोन लाख मागून 'कंपनीचा व्हिसाखर्च आहे' म्हणत असेल तर तिथंच थांबा. यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्यात भरतीचा आणि व्हिसाचा खर्च कामगाराकडून घ्यायला स्पष्ट बंदी आहे. तो मालकाचा खर्च.

पासपोर्ट ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) आहे का, हेही बघा. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट साधारणपणे ईसीआर असतो. अशा माणसाला आखातात नोकरीसाठी जाताना एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे बाहेर जायची सरकारी मंजुरी, लागतो. तो घ्यायचा तर करार पोर्टलवर चढतो आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमाही काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, कर वेगळा, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाखांचं संरक्षण. विझिटवर जाऊन काम करणाऱ्याला यातलं काही मिळत नाही. म्हणूनच काही एजंट ईसीआरवाल्यांना मुद्दाम विझिटवर पाठवतात, त्यांची कटकट वाचते. दहावी झालेली असूनही पासपोर्ट ईसीआर राहिला असेल तर मार्कशीट जोडून बदलून घ्या. बेळगावच्या मुख्य पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात किंवा हुबळीला ते काम होतं.

नावं आणि दाखले: सीमाभागाचा खास त्रास

हे जरा निवांत वाचा, कारण इथं महिने वाया जातात, आणि विझिटवर गेलेल्याला तेवढे महिने नसतात.

आपल्याकडं एकाच माणसाचे कागद दोन राज्यांचे असतात. एसएसएलसी (दहावी) कर्नाटकाची, पुढं आयटीआय नाहीतर पदवी कोल्हापूरकडची. महाराष्ट्राच्या बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. कर्नाटकाच्या कागदावर क्रम वेगळा, कधी आडनावाच्या जागी नुसतं आद्याक्षर. आधारवर कन्नडातून इंग्रजीत गेलेलं स्पेलिंग तिसरंच. पासपोर्ट काढताना यातला जो कागद पुढं केला तसं नाव बसतं. मग तिकडं पदवीवरचा माणूस आणि पासपोर्टवरचा माणूस एकच, हे सिद्ध करत बसावं लागतं.

पासपोर्टवर आडनावाची आणि नावाची अशा दोन्ही जागा भरलेल्या हव्यात. २०२२ च्या नोव्हेंबरपासून यूएईनं एकाच नावाच्या पासपोर्टवर विझिट व्हिसानं येणाऱ्यांना अडवायला सुरुवात केली, आणि अनेकांना विमानतळावरून परतावं लागलं. जाण्याआधी दुरुस्ती करून घेणं केव्हाही सोपं.

दाखल्यांचं साक्षांकन, म्हणजे अटेस्टेशन, कागद ज्या राज्यानं दिला त्याच राज्याकडून सुरू होतं. शिवाजी विद्यापीठाची पदवी असेल तर महाराष्ट्राच्या वाटेनं, राणी चन्नम्मा विद्यापीठाची किंवा व्हीटीयूची असेल तर कर्नाटकाच्या. त्यानंतर दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास, आणि शेवटी यूएईत तिथलं परराष्ट्र मंत्रालय. यूएई अपॉस्टिल करारात (ज्यातले देश एकमेकांचा एकच साक्षांकन शिक्का मानतात) नाही, त्यामुळं नुसत्या अपॉस्टिलवर भागत नाही. सौदी आणि ओमान करारात आहेत, तिथं अपॉस्टिल चालतो. हेल्परच्या कामाला पदवी लागत नाही, पण सुपरवायझर, टेक्निशियन, अकाउंटंट म्हणून जाणाऱ्यांनी हे काम तिकिटाच्या आधी संपवावं.

व्हिसाचा कागद कसा वाचायचा

एजंट व्हॉट्सॲपवर व्हिसाचा फोटो पाठवतो, आणि तो बऱ्याचदा खालून कापलेला असतो. पूर्ण पीडीएफ मागा. त्यात चार गोष्टी बघायच्या.

वर प्रकार लिहिलेला असतो: टुरिस्ट, विझिट की एम्प्लॉयमेंट. 'एम्प्लॉयमेंट' दिसत नसेल तर तो कामाचा व्हिसा नाही, एजंट काहीही म्हणो. मग येतात दोन मुदती. एक असते आत शिरायची मुदत, म्हणजे या तारखेच्या आत देशात पाऊल ठेवा. दुसरी राहण्याची, ३० किंवा ६० दिवस, आणि ती विमानतळावर शिक्का बसतो त्या दिवसापासून मोजतात. लोक पहिली तारीख दुसरी समजतात आणि घोटाळा होतो. तिसरं म्हणजे स्पॉन्सरचं नाव. नोकरी एका कंपनीत आणि स्पॉन्सर भलतीच ट्रॅव्हल एजन्सी, असं दिसलं तर विचारा. चौथं, व्हिसा दुबईचा आहे की इतर अमिरातीचा. दुबईच्या व्हिसाची स्थिती जीडीआरएफए या दुबईच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर कळते, बाकीच्यांची आयसीपी या केंद्रीय खात्याच्या. दंड भरायचीही हीच दोन ठिकाणं, त्यामुळं ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा.

उतरलेल्या दिवशीच शेवटची तारीख मोबाईलमध्ये घाला, आणि घरी वहिनीला किंवा थोरल्या भावालाही कळवून ठेवा. विझिट व्हिसाला आता सवलतीचे दिवस धरू नका. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मीटर सुरू.

रेसिडेन्सी कशी लागते

कंपनी खरी असेल तर क्रम असा असतो. आधी मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर. ते अरबी आणि इंग्रजीबरोबर हिंदीतही मिळतं, त्यामुळं 'वाचता आलं नाही' म्हणून सही करू नका. मूळ पगार, भत्ते, कामाचे तास, पदनाम हे चार रकाने नीट बघा, कारण पुढचं सगळं भांडण मूळ पगारावर होतं. नोकरी संपल्यावरची ग्रॅच्युइटीही मूळ पगारावरच निघते. तोंडी २,००० दिरहम सांगितलेल्या पगारात मूळ ८०० आणि बाकी भत्ते असले तर फरक लगेच कळेल.

सहीनंतर कामाचा परवाना आणि एन्ट्री परमिट निघतं. तुम्ही घरी असाल तर त्यावर जाता, आधीच तिकडं विझिटवर असाल तर देशातच स्टेटस, म्हणजे व्हिसाचा प्रकार, बदलून घेता येतो. पण जुना दंड चढला असेल तर तो आधी चुकता करावा लागतो. इथून पुढं ६० दिवसांत बाकीचं उरकायचं: रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे, एमिरेट्स आयडीसाठी बोटांचे ठसे, आरोग्य विमा. १ जानेवारी २०२५ पासून सगळ्या अमिरातींत खासगी नोकरदाराला विमा असल्याशिवाय रेसिडेन्सी निघत नाही किंवा वाढत नाही, आणि त्याचे पैसेही मालकानंच भरायचे.

पासपोर्टवर आता व्हिसाचं स्टिकर लागत नाही, २०२२ पासून एमिरेट्स आयडी हाच रेसिडेन्सीचा पुरावा. गावाकडची मंडळी अजून 'शिक्का बसला काय रे?' म्हणून विचारतात, तेव्हा आयडीचा फोटो पाठवा. खासगी नोकरीची रेसिडेन्सी साधारण दोन वर्षांची असते. पासपोर्ट मालकानं स्वतःकडं ठेवून घेणं तिथं बेकायदेशीर आहे. कितीही गोड बोलला तरी तुमचा पासपोर्ट तुमच्याकडंच हवा.

मालक 'प्रोसेस चालू आहे' म्हणत साठ दिवस घालवतो, हा प्रकार फार होतो. दर आठवड्याला आपला अर्ज कुठं पोचला ते स्वतः तपासा. मेडिकलला अजून बोलावलंच नाही आणि तीस दिवस उलटले असतील, तर लेखी विचारा, व्हॉट्सॲपवर चालेल. पुढं तक्रार करायची वेळ आली तर तोच मेसेज पुरावा होतो.

मुदत संपत आली किंवा संपली तर

पंधरा दिवस उरलेत आणि ऑफर लेटर हातात नाही? तर परतीचं तिकीट काढा. व्हिसा वाढवून मिळत असेल तर वाढवा, पण तेही कंपनी खरोखर ठरली असेल तरच. नुसत्या आशेवर वाढवलेला व्हिसा म्हणजे घरून आणखी पैसे मागवणं. गोव्याला किंवा मुंबईला उतरून घरी यायचं आणि नीट एम्प्लॉयमेंट व्हिसावर परत जायचं, यात लाज वाटायचं काहीच कारण नाही. गावात चार लोक चार दिवस बोलतील.

पाच-दहा दिवस उलटून गेले असतील तर दंड ऑनलाईन भरा, पावती जपून ठेवा आणि निघा. विमानतळावरही भरता येतो, पण गर्दीत विमान चुकायची भीती असते. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी आपल्यावर 'फरार' असल्याची नोंद झालीय का तेही बघा. विझिट व्हिसा काढून देणाऱ्या एजन्सी मुदत संपली की अशी नोंद करतात, आणि ती उठवायला वेगळे पैसे मागतात. नोकरीवर असलेल्याबद्दल मालकही सात दिवसांहून जास्त गैरहजर असल्याचं कळवू शकतो. ती नोंद खोटी असेल तर मंत्रालयाकडं आव्हान देता येतं. त्या वेळी हजेरी, पगाराचे मेसेज, साइटवरचे फोटो सगळं उपयोगी पडतं.

महिने उलटले असतील आणि एवढे पैसे जवळ नसतील तर लपून राहू नका. एक एक दिवस पन्नास दिरहमचा आहे. दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाशी किंवा अबुधाबीतल्या दूतावासाशी संपर्क करा. प्रवासी भारतीय सहायता केंद्राची ८००४६३४२ ही मोफत लाइन चोवीस तास चालू असते. भारतीय समुदाय कल्याण निधी, म्हणजे आयसीडब्ल्यूएफ, अडचणीतल्या माणसाचं परतीचं तिकीट देऊ शकतो, आणि कामगाराचा दोष नसेल तर बेकायदा वास्तव्याच्या किरकोळ दंडालाही त्यातून मदत होऊ शकते. पासपोर्ट हरवला किंवा कोणी दाबून ठेवला असेल तर दूतावास परतीपुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो. आजारपण, अपघात, घरातला मृत्यू अशी कारणं असतील तर हॉस्पिटलचे कागद जोडून दंड कमी करायची विनंती इमिग्रेशनकडं करता येते.

'माफी निघेल, तोवर थांबूया' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. माफी निघते हे खरं. २०१८ मध्ये निघाली, कोविडच्या काळात २०२० मध्ये निघाली, मग २०२४ मध्ये १ सप्टेंबरला सुरू होऊन ३१ डिसेंबरपर्यंत चालली. या शेवटच्या माफीत दंड माफ झाला, बंदी न लागता घरी जाता आलं किंवा स्टेटस नीट करून घेता आला. पण शेवटच्या दोन्हींमध्ये जवळजवळ चार वर्षं गेली. मध्ये पकडला गेलेला माणूस तुरुंग, हद्दपारी आणि पुन्हा प्रवेशबंदी या वाटेनं गेला. माफी चालू असेल तर पहिल्याच आठवड्यात जा, शेवटच्या आठवड्यात रांगा लागतात.

इतर देश थोडक्यात

ओमानला विझिटनंतर रोज १० रियाल, म्हणजे यूएईपेक्षा कितीतरी जड. कुवेतचा नवा रहिवास कायदा ५ जानेवारी २०२५ ला लागू झाला. विझिट ओलांडणाऱ्याला रोज १० दिनार, जास्तीत जास्त २,०००. रेसिडेन्सी संपलेल्याला पहिला महिना रोज २ दिनार, पुढं रोज ४, जास्तीत जास्त १,२००. सौदीत इकामा (तिथलं रेसिडेन्सी कार्ड) वेळेत नूतनीकरण झाला नाही तर पहिल्यांदा ५०० रियाल, दुसऱ्यांदा १,०००, तिसऱ्यांदा हद्दपारी. इकामा करून देणं मालकाचं काम आहे, पण त्रास तुम्हाला होतो, म्हणून अबशर या सौदी सरकारच्या ॲपवर स्वतः मुदत बघत जा. 'हुरूब', म्हणजे कामावरून पळून गेल्याची मालकानं केलेली नोंद, लागला तर मालकाशी फोनवर भांडत बसू नका, लगेच दूतावास गाठा.

रेसिडेन्सी लागल्यावरही

नोकरी सुटली की रेसिडेन्सी कॅन्सल होते, आणि त्यानंतर देश सोडायला किंवा दुसरी कंपनी बघायला मुदत मिळते. ती प्रकारानुसार ३० ते १८० दिवस असते. कॅन्सलेशनच्या कागदावर तारीख असते, ती बघा. कागदावर सही करण्याआधी ग्रॅच्युइटी आणि राहिलेला पगार खात्यात आलाय का ते तपासा, कारण त्या कागदात 'सगळी देणी मिळाली' असं लिहिलेलं असतं. एमिरेट्स आयडी संपून तीस दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर त्याचा वेगळा दंड, रोज २० दिरहम, कमाल १,०००.

बायको-मुलांना बोलवायचं असेल तर पगार किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि कंपनीची राहायची सोय, असा नियम आहे. त्यासाठी विवाह नोंदणीचा साक्षांकित दाखला लागतो. आपल्याकडं लग्न मांडवात होतं, पत्रिका आणि फोटो असतात, पण सब-रजिस्ट्रारकडं नोंद बऱ्याचदा राहून जाते. शिवाय लग्नानंतर पत्नीचं नाव बदलायची रीत असल्यानं दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, पासपोर्टवर माहेरचं. जायच्या आधी नोंद करून घ्या आणि तिन्ही कागदांवर एकच नाव येईल असं बघा. जुने दाखले नुसते कन्नडमध्ये असतील तर इंग्रजी प्रत काढा, अरबी भाषांतर तिकडं मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून होतं.

आणि सुट्टीवर आलात तर तारखेवर लक्ष ठेवा. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त यूएईबाहेर राहिलं की साधारणपणे रेसिडेन्सी आपोआप रद्द होते. जूनमध्ये पेरणीला आलेला माणूस गणपतीपर्यंत थांबतो, मग दिवाळी, मग घराचं काम निघतं, आणि सहा महिने कधी झाले कळत नाही. आजारपणासारखं सबळ कारण असेल तर पुन्हा प्रवेशाच्या परवानगीचा अर्ज ऑनलाईन करता येतो, जास्तीच्या दर ३० दिवसांना १०० दिरहम भरावे लागतात. हा अर्ज मंजूर झाल्याचा मेसेज आल्याशिवाय तिकीट काढू नका.